उद्घाटन, शुभारंभ की भूमिपूजन? पत्रिकेवर नेमकं काय लिहायचं

दुकान असो, क्लास असो नाहीतर सोसायटीचा हॉल, पत्रिका छापायला टाकली की सरसकट 'उद्घाटन' लिहून मोकळे होतात, पण प्रत्येक वेळी ते बसतंच असं नाही.

उद्घाटन म्हणजे उघडणं. जे तयार आहे आणि त्या दिवसापासून लोकांना खुलं होणार आहे त्याला हा शब्द, मग ते दुकान असो, प्रदर्शन किंवा संमेलन. कुदळ मारायची असेल तर भूमिपूजन, पायाचा दगड बसवायचा तर पायाभरणी. आपल्या पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराचं बघा ना, पायाभरणी १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाली आणि उद्घाटन १९६८ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते, मधे सहा वर्षं गेली. पुणे मेट्रोचंही तेच, भूमिपूजन डिसेंबर २०१६ ला आणि वनाज ते गरवारे कॉलेज टप्प्याचं उद्घाटन ६ मार्च २०२२ ला, आणि त्याच दिवशी महापालिकेच्या आवारात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं जे झालं ते अनावरण, कारण तिथे पडदा बाजूला करतात.

पुस्तकाचं प्रकाशन. योजना, मोहीम, नवीन बॅच यांना शुभारंभ छान शोभतो, फक्त 'शुभ शुभारंभ' नको, शुभ त्यात आहेच. लोकार्पण हा शब्द लोकांसाठी बांधलेल्या वास्तूला ठेवा, पूल, उद्यान, दवाखाना वगैरे, स्वतःच्या सलूनला तो फारच जड होतो.

वाक्यात वापरताना लिंग सांभाळा: उद्घाटन झालं, शुभारंभ झाला, पायाभरणी झाली. आणि पाहुण्यांच्या नावानंतर 'यांच्या हस्ते' लिहा, 'यांच्या द्वारे' मराठी कानाला खटकतं. जे उद्घाटन करणार ते उद्घाटक, अध्यक्ष वेगळे असतील तर दोन्ही नावं वेगळ्या ओळीत टाका, नाहीतर मान कुणाचा यावरून रुसवेफुगवे ठरलेले.

सगळ्यात जास्त घोळ स्पेलिंगचा. द ला घ जोडायचा, ध नाही. उद्धाटन असा शब्दच नाहीये, पण बारीक अक्षरात द्घ आणि द्ध इतके सारखे दिसतात की प्रूफमध्ये सुटून जातं आणि मग दहा फुटी फ्लेक्सवर चौकात झळकतं, हे खरंच वाईट वाटतं बघायला. टाइप करताना द, मग हलन्त, मग घ. एखाद्या फॉन्टमध्ये जोडाक्षर नीट उमटत नसेल तर पाय मोडून 'उद्‌घाटन' लिहिलं तरी चालतं, तेही बरोबरच आहे. प्रेसवाला व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवेल तेव्हा आधी हा एक शब्द झूम करून बघा, मगच ओके कळवा.