घरच्या घरी हवामानाची नोंद कशी ठेवावी

नागपूरच्या उन्हाळ्यात "आज पारा किती?" ही चौकशी घरोघरी होते. मात्र गच्चीवर उन्हात टांगलेला तापमापक दाखवतो तो आकडा हवेच्या तापमानाचा नसून, उन्हाने तापलेल्या त्या उपकरणाचाच असतो. वेधशाळेत तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरच्या, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात आणि ऊन आत शिरू नये म्हणून तिचे दार उत्तरेकडे असते. घरी एवढे जमले नाही, तरी भिंतीला न टेकवता, वारा खेळेल अशा सावलीत तो अडकवावा.

चोवीस तासांतील सर्वाधिक तापमान म्हणजे कमाल आणि सर्वांत कमी ते किमान. 'उष्णतेची लाट' हा शब्द सैलपणे वापरू नये. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश असून सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक वाढले, अथवा थेट ४५ अंशांवर पोहोचले, तरच हवामान विभाग ही संज्ञा वापरतो. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंश हे सरासरीच्याच आसपास असतात.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, तिच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेली वाफ. ती समजण्यासाठी दोन सारखे तापमापक शेजारी ठेवून एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळावी आणि तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे. पाणी उडताना उष्णता शोषते, म्हणून ओला तापमापक खाली उतरतो; हवा जितकी कोरडी, तितका अधिक. मे महिन्यात कोरडा ४३ आणि ओला २३ दाखवत असेल, तर आर्द्रता २० टक्क्यांच्या आत असते. ऑगस्टमध्ये २९ आणि २६.५ असल्यास ती ८० टक्क्यांच्या वर जाते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि पावसाळ्यात नुसता ओलावा वाढवतो, त्याचे कारण हेच.

वाऱ्याची दिशा तो जिकडून येतो तीच लिहावी.

पाऊस मोजायला सपाट बुडाचे, सरळ बाजूंचे भांडे झाडा-भिंतींपासून दूर ठेवावे आणि डोळा पाण्याच्या पातळीला आणून मिलिमीटर वाचावेत. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. वेळ मात्र कटाक्षाने सकाळी साडेआठचीच पाळावी. मागच्या चोवीस तासांचा पाऊस तेव्हाच मोजून भांडे रिकामे करतात, त्यामुळे नऊ वाजता कोसळलेली सर दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत जाते.