फिनिक्समध्ये नव्याने आलात? आधी विंचू ओळखायला शिका

उन्हाळा लागला की ॲरिझोनात, फिनिक्सच्या चँडलर-गिल्बर्ट या उपनगरांकडे राहायला आलेल्या एखाद्या मराठी घरातून रात्री फोन येतोच : "विंचू निघालाय, केवढा मोठा!" मोठा म्हटलं की माझा जीव भांड्यात पडतो. गावाकडे काळी इंगळी दिसायला भयंकर आणि छोटा लाल विंचू जिवावरचा, हे आपल्याला ठाऊक असतं. इथे आलो की नेमकं तेच विसरतो.

पाच-साडेपाच इंचाचा, काळपट पाठीचा, पिवळ्या पायांचा, केसाळ असा असेल तर तो 'जायंट हेअरी'. डंख दुखतो, पण विष सौम्य. त्याला जाऊ द्या.

दुसरा 'स्ट्राइप्ड टेल'. दोन-अडीच इंचांचा, जाड शेपटीचा, शेपटीच्या खालच्या बाजूला गडद रेघा. दगडाखाली, मातीत राहतो. आखातातून इकडे आलेले आपले लोक "जाड शेपूट तो जहाल" हा नियम सोबत आणतात आणि इतरांना ठासून सांगतात. तिथे तो बराचसा चालतो. ॲरिझोनात त्याने घात होतो, कारण इथला खरा विषारी विंचू बारीक शेपटीचा आहे.

तो 'बार्क स्कॉर्पियन'. गव्हाच्या काडीसारखा फिकट पिवळा, सडपातळ, चिमटेही लांब आणि बारीक. स्वस्थ बसला की शेपूट कुशीला आडवी वळवून ठेवतो. बाकीचे दोघे जमिनीवरचे. हा भिंत चढतो, छतावर जातो, खोक्याच्या किंवा विटेच्या खालच्या अंगाला उलटा चिकटून बसतो. म्हणून कुठलीही वस्तू तळाशी बोटं घालून उचलू नका.

माझी चूक इथेच झाली. तीन वर्षांच्या मुलीला अंघोळीनंतर टॉवेलमधला विंचू चावला. फिकट, नाजूक दिसला म्हणून मी ठरवलं, पिल्लू असेल. आईला फोन लावला, कांदा चोळला, बर्फ धरला. त्यात तास गेला. मग तिचे डोळे गरागरा फिरू लागले, लाळ गळू लागली, हातपाय झटकू लागली. इस्पितळात प्रतिविष दिल्यावर ती सावरली. 'ॲनास्कॉर्प' या औषधाला अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळाली आहे. ते महाग आहे, म्हणून विमा पहिल्याच आठवड्यात पक्का करा. पण तो तास मी अजून विसरलेलो नाही. लहान मूल असेल तर थांबू नका. 1-800-222-1222 हा विषबाधा केंद्राचा नंबर फ्रिजवर लावा. श्वासाला त्रास किंवा असे झटके दिसले तर थेट 911.

आणि गावाकडून सुचवलेल्या गोळ्या देऊ नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनने कोकणात असंख्य जीव वाचवले, त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण तिथला लाल विंचू हृदयावर घाला घालतो, इथला मुख्यतः नसा आणि स्नायूंवर. उपचार वेगळे.

अतिनील टॉर्च आणा. अंधारात विंचू हिरवट चमकतात, मात्र तिन्ही सारखेच चमकतात, त्यामुळे ओळख आकारावरून आणि शेपटीवरूनच करायची. दोन घरांच्या मधल्या, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या कुंपणभिंती आधी तपासा. दाराखालची फट पट्टी लावून बुजवा. गुळगुळीत काचेवर बार्क स्कॉर्पियनलाही चढता येत नाही, म्हणून बाळाच्या पाळण्याचे पाय काचेच्या बरण्यांत ठेवा आणि पाळणा भिंतीपासून हातभर दूर सरकवा. चादर जमिनीला टेकू देऊ नका.