गटाचं बँक खातं: सह्या आणि शुल्क

खजिनदार म्हणून मी एका गोष्टीवर अडून बसते: खातं गटाच्याच नावावर हवं. वर्गणी कुणाच्या वैयक्तिक खात्यात गेली, की उद्या भांडण झाल्यावर पैसे कोणाचे हे सिद्ध करत बसा.

खातं उघडायला सहसा नियमावली आणि बैठकीचा ठराव लागतो. ठरावात तीन नावं द्या आणि ‘कोणत्याही दोघांच्या सहीने’ असं स्पष्ट लिहा. दोघंच नेमले, तर एक आजारी पडला की व्यवहार ठप्प. एकाच घरातले दोघं नकोत. मग दुसरी सही नावापुरतीच उरते. पदाधिकारी बदलले की नवा ठराव लगेच बँकेत द्या. जुना माणूस सही करायला राजी आहे तोवरच हे सोपं!

नेट बँकिंगचा पासवर्ड वाटून घेऊ नका. एकानं व्यवहार भरायचा, दुसऱ्यानं मंजूर करायचा, बाकीच्यांनी फक्त बघायचं, अशी सोय मागा. दोन सह्यांच्या खात्याला काही बँका ही सोय देत नाहीत, म्हणून आधीच विचारा.

शुल्कपत्रक लेखी घ्या. किमान शिल्लक आणि रोख भरण्यावरचं शुल्क लहान गटाला जास्त टोचतं. अधूनमधून एखादा व्यवहार करत राहा, नाहीतर खातं निष्क्रिय होतं.