"प्रभूने सांगितलं" म्हणायच्या आधी: रोजच्या जगण्यात पारख कशी करायची

आपल्याकडं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यात स्वस्त झालेलं वाक्य कुठलं असेल तर "प्रभूने मला सांगितलं". गाडी घ्यायची, प्रभूने सांगितलं. मंडळी सोडून दुसऱ्या फेलोशिपला जायचं, प्रभूने सांगितलं. हे वाक्य आलं की समोरचा गप्पच बसतो, कारण प्रभूशी कोण वाद घालणार ओ? पण बायबलमधलं १ योहान ४:१ उघडून बघा, तिथं सरळ लिहिलंय की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, परीक्षा करा. प्रेषित पौलपण थेस्सलनीकाच्या मंडळीला म्हणतो की संदेश तुच्छ मानू नका पण सगळ्याची पारख करा. त्यामुळं कोणी तुम्हाला "तुमचा विश्वास कमी पडतोय" म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका, पारख करायला शास्त्रानेच, म्हणजे बायबलनेच, सांगितलंय.

आता आपली खरी अडचण अशी की आपण पारख फक्त मोठ्या दिवसासाठी राखून ठेवतो. लग्न ठरवायचं, नोकरी बदलायची, सोलापुरात होटगी रोडला फ्लॅट बघायचा, मग तीन दिवस उपास प्रार्थना आणि चौथ्या दिवशी "काहीच कळेना". कसं कळणार, वर्षभर सरावच नाही की. इब्री ५:१४ मध्ये हेच आहे, बरं-वाईट ओळखायची सवय वापरून वापरून येते. म्हणून सुरुवात बारक्या गोष्टींपासून करा, आणि सगळ्यात हाताशी काय असेल तर सकाळी सहाला येणारं व्हॉट्सॲप.

"हे वचन ११ जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चमत्कार होईल, दुर्लक्ष केलं तर..." असलं काही आलं की पाठवायच्या आधी शास्त्र काढा. ते वचन खरंच तिथं आहे का, आणि असेल तर मागची पुढची दहा वचनं काय म्हणतात, कोण कोणाला म्हणतंय. बिरुया गावच्या लोकांनी तर खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्राशी ताडून बघितलं आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्यांचं कौतुकच आहे. नुसतं वचन बरोबर आहे एवढ्यावरपण जाऊ नका. मत्तय ४ मध्ये सैतान येशूला स्तोत्र ९१ च ऐकवतो, शब्द शास्त्राचे पण मतलब त्याचा. मग एक बघा, हे वाचून मला प्रार्थना करावीशी वाटली की फक्त भीती वाटली? पाच मिनिटाचं काम आहे पण रोज केलं की डोळा तयार होतो.

दुसरा सराव रात्रीचा. जेवण झालं, भांडी झाली की दहा मिनिटं गच्चीवर नाहीतर गॅलरीत बसा, फोन आत ठेवून. आजचा दिवस सकाळपासून सावकाश मनात फिरवायचा, प्रभूचे आभार मानायचे आणि दोनच गोष्टी शोधायच्या: आज कुठं मी त्याच्या जवळ सरकलो आणि कुठं लांब गेलो. "आज दिवस चांगला गेला" असलं मोघम नको. पाणी आलं तेव्हा शेजारणीशी मोटर वरून जे बोलणं झालं, त्यात मला राग आला तो अन्यायाचा होता का नुसता माझा नंबर मागं गेला म्हणून होता, इतकं बारीक. ही पद्धत इग्नेशियस लोयोला या कॅथलिक संताने शिकवलेली आहे. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडून तो अंथरुणाला खिळला आणि तिथं त्याच्या लक्षात आलं की पराक्रमाची स्वप्नं बघताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं, ख्रिस्ताच्या मागं जायचा विचार केला की गोडी मागं राहते. आपण प्रोटेस्टंट असलो तरी हे घ्यायला काय हरकत आहे, मला तरी वाटत नाही.

त्याचाच अजून एक नियम फार कामाचा आहे, मन खचलेलं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलायचा नाही. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत रात्री लाईट गेलीय, झोप नाही, त्यात घरात कटकट, अशा वेळी "मी रविवार शाळा सोडतो" ठरवू नका. आधी झोपा, नीट जेवा, आठ दिवसांनी बघू.

आता एक मोठं उदाहरण धरू. समजा पोरगा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो, पगार १४ हजार, आणि पुण्यातून २२ हजाराची ऑफर आली. मावशी लगेच म्हणणार, "दार उघडलंय बघ, प्रभूचीच इच्छा." थांबा. देवाची आज्ञा टाळून पळणाऱ्या योना संदेष्ट्यालापण याफो बंदरात तार्शीशचं जहाज लगेच मिळालं होतं, भाडं भरून बसलापण. दार उघडं असणं हा पुरावा नाही, फक्त विचार करायला जागा आहे.

आधी कागद घ्या आणि प्रार्थनेच्या आधी हिशोब मांडा, होय आधी. कॉट बेसिसचं भाडं, मेस, येण्याजाण्याचं, हे वजा करून हातात काय राहतं. मग खरं कारण लिहा, जे कोणाला दाखवायचं नाही. पगार? का बाबांशी रोज होणारी वादावादी टाळायची? का मित्र गेले म्हणून? तिथं उपासनेला जाशील का रविवारी झोपशील? आईच्या शुगरच्या तपासणीला कोण नेईल? मग तीन दिवस असं जगा की हो म्हणून सांगितलंय, पुढचे तीन दिवस असं की नाही सांगितलंय, आणि रोज रात्री दोन ओळी लिहा. सुटल्यासारखं वाटणं आणि शांती यात गल्लत होते, सुटका दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विरते, शांती अडचणी मोजल्या तरी टिकते. शेवटी दोघांना विचारा, एक तुमच्यावर माया करणारा आणि एक ज्याचं यात काहीच जात-येत नाही असा. पुण्यात रूम पार्टनर शोधत बसलेल्या मित्राला विचारू नका.

शास्त्र डोळे मिटून उघडायचं आणि बोट पडेल ते उत्तर धरायचं, चिठ्ठ्या टाकायच्या, हे मला पटत नाही. गिदोनाने देवाकडं खूण मागायला लोकर ठेवली होती हे सांगतात सगळे, पण शास्ते ६ नीट वाचा, देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितलं होतं, लोकर ठेवली ती त्याला धीर नव्हता म्हणून.

राहिली भविष्यवाणी. बाहेरून आलेले ब्रदर घरसभेत डोक्यावर हात ठेवून नाव घेऊन काही सांगतात, अंगावर काटा येतो. काटा आला म्हणजे आत्मा आला असं नाही. फिलिप्पै गावातली भविष्य सांगणारी एक दासी मुलगी पौलाच्या मागं पुष्कळ दिवस ओरडत होती आणि शब्द खरेच होते, तरी तिच्यातला आत्मा पौलाने काढला. शब्द येशूकडं नेतायत का त्या माणसाकडं हे बघा. त्यात पैसे आले, "आज रात्रीच्या आत बी पेरा", म्हणजे दान द्या, तर घाई कोणाला आहे ते विचारा. "घरच्यांना सांगू नका" असं आलं तर तिथंच उठा. आणि बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं तर त्या अजिबात बंद करू नका, बरं झालंय असं वाटलं तर डॉक्टरकडून तपासून घ्या, प्रार्थना चालूच ठेवा. कोणी येऊन "प्रभूने दाखवलं, तूच माझी बायको" म्हणाला तर मुलींनो, प्रभूला तुमचा पत्तापण माहीत आहे, तो तुम्हालापण सांगेल.

उद्धट न होता उत्तर कसं द्यायचं हे बऱ्याच जणांना जमत नाही, तर एवढं बोला: "ब्रदर, ऐकलं. मी प्रार्थना करते, आमच्या पाळकांशी आणि घरी बोलते, मग सांगते." चिडले तर १ करिंथ १४:२९ दाखवा, संदेष्ट्यांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी असं तिथं आहे. सांगितलेलं तारीख घालून वहीत लिहून ठेवा, अनुवाद १८:२२ म्हणतं की बोललेलं घडलं नाही तर ते प्रभूचं नव्हतं, त्याप्रमाणे घडतं की नाही ते कळेल, आणि घडलं तरी अनुवाद १३ ची सुरुवात वाचा, खूण खरी ठरली तरी दुसऱ्या देवामागं नेणाऱ्याचं ऐकायचं नाही. ही वही महिला मंडळात किंवा तरुण संघात कोणा एकाला तरी दाखवत जा, सहा महिन्यांनी एकत्र बसून मागची पानं वाचा.