पावसाळ्यात शिपायांवर दुधाळ थर आला, तो कसा घालवला

धातूचे चकचकीत छोटे खेळण्यातले शिपाई रंगवायचा नाद असेल आणि पुण्यात राहत असाल तर हे वाचाच. जुलैत बाहेर रिपरिप चालू असताना ग्लॉस वॉर्निशचा स्प्रे मारला आणि 54 मिलिमीटर उंचीच्या शिपायांच्या अख्ख्या वाद्यपथकाचे लाल कोट बघता बघता पांढुरके झाले. होतं काय, स्प्रेतलं सॉल्व्हंट भर्रकन उडतं, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला दमटपणा वॉर्निशमध्येच अडकतो. बोहरी आळीत एकाने सांगितलं थिनरने पुसून घ्या, अजिबात नको, खाली इनॅमल (तेलावर आधारलेला रंग) असेल तर रंगच सुटून हातात येतो!

मी सगळे शिपाई ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले, मग उघडीप मिळाली त्या दुपारी टेबल लॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली जरा कोमट केले आणि त्याच स्प्रेचा एकदम हलका हात लांबून दिला. नवा थर जुन्याला मऊ करतो, अडकलेलं पाणी निघून जातं, चकाकी परत. एका ढोलवाल्याच्या टोपीखाली अजून थोडं धुरकट आहे, असो.

आणि हो, हे फक्त नव्या ओतीव शिपायांवर. ब्रिटन्स कंपनीचे 1893 पासूनचे पोकळ शिशाचे जुने शिपाई कुठे मिळालेच तर वॉर्निश लावूच नका, मूळ रंगालाच किंमत असते, आणि शिसं विषारी, म्हणून हाताळल्यावर हात साबणाने धुवा.