विश्रांती आधी ठरवावी: ख्रिस्ती कुटुंबाच्या आठवड्याची आखणी

कामे संपली की विश्रांती घेऊ, असे म्हणणाऱ्याला ती सहसा मिळत नाही, कारण आपल्या सीमाभागात काम संपल्याचा दिवस उगवतच नाही. खानापूरकडची भाताची सुगी उरकते तोवर इतरत्र ऊसतोड सुरू झालेली असते, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत पाळ्या बदलत राहतात आणि निपाणीच्या परिसरात बिड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर मोजली जात असल्यामुळे तिचा हात थांबला की पैसाही थांबतो. म्हणून विश्रांतीची वेळ आधी ठरवावी आणि मग कामे तिच्याभोवती बसवावीत.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, शब्बाथाची म्हणजे आठवड्यातील विसाव्याच्या दिवसाची आज्ञा दोन ठिकाणी येते. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात तिचे कारण देवाने सृष्टी निर्माण केल्यानंतर घेतलेल्या विसाव्यात सांगितले आहे; ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मात्र इस्राएल लोकांना मिसरातील (इजिप्तमधील) दास्याची आठवण करून दिली आहे आणि तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, असे स्पष्ट म्हटले आहे. बैल आणि गाढव यांनाही तेथे वगळलेले नाही. तेव्हा आखणी करताना पहिला प्रश्न हा विचारावा, की माझ्या विश्रांतीचा भार कोणावर पडतो आहे?

बहुतेक घरांत याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडते. रविवारी उपासनेहून परतल्यावर पुरुष मंडळी वर्तमानपत्र घेऊन बसतात, मुले मोबाइल घेतात आणि घरातील स्त्री चर्चची साडी बदलून थेट मटणाच्या मसाल्याला लागते. पाहुणे असतील तर चार वाजेपर्यंत तिची सुटका होत नाही. अशा घरात रविवार पाळला जातो असे मला म्हणवत नाही. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातील मान्न्याची, म्हणजे अरण्यात देवाने इस्राएल लोकांना पुरवलेल्या अन्नाची, व्यवस्था येथे उपयोगी पडते: सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचे, म्हणजे सातव्या दिवशी बाहेर पडावे लागत नाही. शनिवारी संध्याकाळीच कांदा-खोबरे भाजून वाटण करून ठेवावे, तांदूळ निवडावेत, सर्वांच्या कपड्यांना इस्त्री करावी, मुलांचा अभ्यास संपवून दप्तरे भरून ठेवावीत. या तयारीत घरातील प्रत्येकाने एक काम उचलावे, नाहीतर तोच भार रविवारऐवजी शनिवारी त्याच बाईवर पडेल. रविवारी भाकरीऐवजी भात चालवावा आणि जेवणानंतरची भांडी मुलग्यांनी व त्यांच्या वडिलांनी घासावीत.

ज्यांना रविवारी कामावर जावेच लागते, अशा परिचारिका, वाहक, पाळीतील कामगार यांनी साप्ताहिक सुट्टीचा दिवस त्याच आदराने राखावा आणि तो कोणता, हे घरच्यांना व चर्चच्या पाळकांना (धर्मगुरूंना) सांगून ठेवावे. बिडीकामावर ज्यांचे पोट आहे, त्यांना पूर्ण दिवसाची मजुरी सोडा असे सांगणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. त्यांनी रविवार दुपारपासून रात्रीपर्यंतचा अर्धा दिवस धरावा आणि तो मात्र सुपाला हात न लावता घालवावा. उसाची तोड नेमकी रविवारी आली किंवा विहिरीच्या मोटारीला वीज त्याच दिवशी मिळाली, तर संकोच करू नये. शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेल्या बैलाला कोण वर काढणार नाही, असे प्रभू येशूनेच विचारले आहे. फक्त त्या बदल्यात पुढील तीन दिवसांत विश्रांतीची वेळ ठरवून घ्यावी, कारण अशी उधारी सहसा फेडली जात नाही.

मननासाठी फार वेळ लागत नाही, पण ठरलेली जागा लागते. रात्री झोपण्यापूर्वीची दहा मिनिटे यासाठी उत्तम, असे माझे मत आहे. संत इग्नाशिअस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेली आत्मपरीक्षणाची पद्धत कॅथोलिक कुटुंबांना परिचित आहे, आणि मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या किंवा अन्य मंडळींतील (चर्चमधील) लोकांनाही ती वापरण्यास काही अडचण नाही. आधी दिवसातील एका नेमक्या गोष्टीसाठी आभार मानावेत. देवाजवळ प्रकाश मागून सकाळपासूनचा दिवस क्रमाने आठवावा. बाजारात कोणाशी तुटक बोललो, मजुराचे पैसे उद्यावर ढकलले, आजारी शेजाऱ्याच्या दारावरून तसेच पुढे गेलो, असे जे दिसेल त्याची क्षमा मागावी आणि शेवटी उद्या करण्याची एकच गोष्ट ठरवावी. ती गोष्ट ‘अधिक प्रेमळ होईन’ अशी मोघम नको. ‘सकाळी आठच्या आत मजुरी पोहोचती करीन’ अशी असावी.

वाचनाच्या बाबतीत एका वर्षात संपूर्ण बायबल संपवण्याचा संकल्प मी नवशिक्याला सुचवणार नाही, कारण ‘लेवीय’ या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोहोचता पोहोचता पुष्कळांची गती मंदावते आणि मागे पडल्याची खंत वाचनच बंद पाडते. मार्काच्या शुभवर्तमानात १६ अध्याय आहेत. रोज दहा-बारा ओव्या सावकाश वाचल्या तरी साधारण दोन महिन्यांत ते पूर्ण होते. स्तोत्रे १५० आहेत, तेव्हा रोज एक घेतल्यास पाच महिने पुरतात. अनेक घरांत चर्चमधील उपासना कन्नडमध्ये आणि घरची प्रार्थना मराठीत चालते. अशांनी उपदेशाचा उतारा वहीत टिपून आणावा आणि संध्याकाळी तोच मराठीत मोठ्याने वाचून मुलांना त्याविषयी बोलते करावे.

नवी सवय जुन्या कामाला जोडली तर टिकते. कारखान्याच्या वजनकाट्यासमोर ट्रॅक्टरच्या रांगेत तासन्‌तास बसावे लागते, खानापूर–बेळगाव बस रोज ठरलेल्या वेळी पकडावी लागते, दूध तापेपर्यंत गॅसजवळ उभे राहावे लागते. यांपैकी एक वेळ निवडून तीत एक पाठ केलेले स्तोत्र म्हणावे आणि महिनाभर दुसरे काही वाढवू नये.

मंडळीच्या कारभाऱ्यांनीही एक गोष्ट मनावर घ्यावी. कमिटीची बैठक, तरुणसंघाची सभा, महिला मंडळाचा हिशेब आणि गायनाचा सराव हे सर्व रविवारी दुपारीच ठेवल्यामुळे जे सर्वाधिक सेवा करतात, तेच सर्वाधिक थकलेले दिसतात. बैठका महिन्यातील एखाद्या शनिवारी संध्याकाळी घ्याव्यात, सराव उपासनेपूर्वी अर्धा तास ठेवावा आणि एका व्यक्तीकडे दोनपेक्षा अधिक जबाबदाऱ्या देऊ नयेत. पुढील वार्षिक सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा, यासाठी चिटणीसांना आताच लेखी कळवावे.