जुन्या, गंजलेल्या ट्रॅक्टरांची रांग पाहायला जाताय? या चुका टाळा

बांधाला किंवा झाडीत वर्षानुवर्षं उभे राहून गंजलेले पाच-दहा जुने ट्रॅक्टर एकत्र दिसले की यंत्रांची आवड असलेल्या माणसाचे हात शिवशिवतात. बॉनेट उघडावं, हँडल मारून पाहावं, सीटवर बसून फोटो काढावा. घोळ इथेच होतो. उन्हापावसात तग धरून राहिलेल्या यंत्राची वाट अनेकदा उत्साही पाहुणाच लावतो, आणि त्याला स्वतःला इजा होते तीही याच गडबडीत. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: डोळ्यांचं काम संपायच्या आत हात घालणं.

पडून आहे म्हणजे बेवारस नव्हे

जमिनीच्या मालकाची परवानगी आधी, कुंपण ओलांडणं नंतर. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी मोडलं जातं, कारण कमरेएवढं गवत वाढलं की इथे कुणी फिरकत नसेल असं वाटतं. अशा रांगा बहुधा कुणीतरी जाणूनबुजून जमवलेल्या असतात. त्यातला एखादा सांगाडा फक्त सुट्या भागांसाठी ठेवलेला असतो. आपल्याला तो निव्वळ भंगार वाटतो, मालकाला मात्र त्याच्या शाबूत गिअर बॉक्सची किंमत ठाऊक असते. आठवण म्हणून कंपनीची पाटी किंवा मॅग्नेटोचं (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्राचं) टोपण खिशात टाकणाऱ्यांना चोर म्हटलं की राग येतो, पण दुसरा शब्द नाही.

मालक भेटलाच तर दोन प्रश्न विचारा: शेवटचा कधी चालला आणि का थांबला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं. नवा ट्रॅक्टर आला म्हणून धडधाकट अवस्थेत बाजूला लावलेला आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) तुटून थांबलेला, हे दोन्ही गंजल्यावर सारखेच दिसतात.

रंग पाहून मॉडेल सांगू नका

लाल म्हणजे फार्मॉल, राखाडी म्हणजे फर्ग्युसन, हे ठोकताळे फसवतात. फार्मॉल १९३६ पर्यंत राखाडीच यायचे, लाल नंतर झाले. केस कंपनीचे ट्रॅक्टरही आधी राखाडी होते, लाल आले १९३९ पासून. फोर्डसननं तर १९३७ मध्ये नारिंगी रंग घेतला आणि १९४५ चा ई२७एन मेजर काढला तो गडद निळा, नारिंगी चाकांचा. त्यात मधल्या मालकांनी हाती लागेल तो रंग फासलेला असतो. एकाचं बॉनेट, दुसऱ्याचं मडगार्ड हेही सर्रास चालतं.

चाकांचंही तसंच. लोखंडी चाकं दिसली की लोक लगेच १९२० च्या आसपासचं साल सांगतात. रबरी हवेच्या टायरवर शेतीचा ट्रॅक्टर विकायला १९३२ मध्ये अ‍ॅलिस-चाल्मर्सनं मॉडेल यू पासून सुरुवात केली हे खरं, पण दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई झाली तेव्हा अगदी नवे ट्रॅक्टरही पुन्हा लोखंडी चाकांवर बाहेर पडले. उलट, त्याहून जुन्या ट्रॅक्टरांची लोखंडी चाकं कापून त्यांना टायरच्या रिमा वेल्ड केलेल्याही सापडतात.

थोडक्यात, पत्रा आणि चाकं बदलता येतात, म्हणून बीड, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग पाहा. इंजिन ब्लॉक, गिअर बॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या हौसिंगवर ओतकामातच उठावदार अक्षरं आणि आकडे असतात. गंज त्यांना सहसा पुसत नाही. ठोकून उमटवलेला क्रमांक मात्र नाजूक. तो उथळ असतो, आणि वायर ब्रश किंवा ग्राइंडर फिरवला की गंजाबरोबर आकडेही जातात. कापडानं माती पुसा, तेलाचं बोट फिरवा आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून प्रकाश टाकला तर नुसता तपकिरी पापुद्रा दिसतो. आडव्या प्रकाशात प्रत्येक आकड्याच्या कडेला बारीक सावली पडते आणि ३ आहे की ८ हे कळतं.

फोर्डच्या एन मालिकेत हा क्रमांक इंजिन ब्लॉकच्या डाव्या बाजूला ठोकलेला असतो. सीटवर बसलेल्या माणसाची डावी बाजू. समोर उभं राहून उजवं-डावं ठरवणं हीसुद्धा नेहमीची चूक. तिथे ९एन दिसलं म्हणून लगेच १९३९ म्हणू नका. १९४२ पासून आलेल्या २एन वरही ९एन हीच अक्षरं ठोकली जायची, वर्ष काढायचं ते पुढच्या आकड्यावरून. १९४७ च्या ८एन पासून मात्र अक्षरं बदलली. आणि राखाडी फर्ग्युसन टीई-२० सापडला तर दुर्मीळ ठेवा मिळाल्यासारखं नाचू नका. १९४६ ते १९५६ या काळात तो पाच लाखांहून जास्त संख्येनं बनला.

अंग सांभाळा

उचललेल्या अवजाराखाली किंवा लिफ्टच्या दांड्यांखाली वाकू नका. हायड्रॉलिकमध्ये तेल राहिलेलं नसतं, दांडा केवळ गंजामुळे वर अडकलेला असू शकतो. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरला जॅक लावणं म्हणजे जॅक जमिनीत घालणं. खाली रुंद, जाड फळी आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड असल्याशिवाय ते करूच नये. टूलबॉक्स, बॉनेटखालची पोकळी आणि मडगार्डची आतली बाजू या जागा गांधीलमाश्या आणि सापांच्या आवडीच्या, म्हणून आधी काठीनं ठोका. धनुर्वाताचे जंतू गंजात नव्हे, मातीत असतात. पण गंजका पत्रा जखम करतो आणि माती त्याच्यावरच बसलेली असते, तेव्हा इंजेक्शन घेतलेलं बरं. जुन्या क्लच आणि ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुंकून उडवू नका. डिझेल-पेट्रोलच्या टाकीत काय आहे ते पाहायला काडी ओढणारी माणसं अजून आहेत, त्यांच्याबद्दल काय लिहावं!

इंजिन जाम आहे, पण नक्की काय जाम आहे?

हँडल हलत नाही म्हटलं की लगेच 'पिस्टन धरलेत' असा निकाल दिला जातो. बरेचदा ट्रॅक्टर गिअरमध्येच सोडलेला असतो. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनाच्या मागच्या जड चाकाला) चिकटलेली असते, त्यामुळे पॅडल दाबूनही इंजिन सुटं होत नाही आणि आपण अख्खा ट्रॅक्टर फिरवायला बघत असतो. म्हणून आधी न्यूट्रल. मग स्टार्टरचं दातेरी चाक फ्लायव्हीलमध्ये अडकलंय का ते पाहायला स्टार्टर सुटा करा. यानंतरही हललं नाही तरच पिस्टनकडे वळा.

पाणी आत कुठून गेलं ते शोधलं की दुखणं निम्मं कळतं. उभ्या सायलेन्सरवर झाकण नसेल तर पाऊस सरळ खाली उतरतो. ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या वेळी उघडा होता त्याच्यात तो साचतो. त्यामुळे चारपैकी एक-दोन सिलिंडर पार खाल्लेले आणि बाकीचे जवळजवळ चकचकीत, असं चित्र दिसतं. सगळे स्पार्क प्लग काढून आत टॉर्च मारली तर हे दहा मिनिटांत समजतं, तरी लोक आधी हेड उघडतात आणि गंजलेले स्टड मोडून ठेवतात.

ऑइल तपासताना डिपस्टिकवर विसंबू नका. पाणी तेलाच्या खाली बसतं, काडीला वरचं तेल लागतं आणि पातळी छान भरलेली दिसते. खाली भांडं ठेवून तळाचा ड्रेन प्लग अर्धा-एक आटा ढिला करा आणि थांबा. आत पाणी असेल तर आधी तेच झिरपतं, मग काळं तेल. गिअर बॉक्सचीही हीच परीक्षा; गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं असलं की तिथूनच पाणी शिरतं. थंड मुलुखातला ट्रॅक्टर असेल तर ब्लॉकच्या बाजूला तडा शोधा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि बीड ताणलं जात नाही, फुटतं. असा ब्लॉक मोकळा करण्यात महिना घालवण्याआधी त्या बारीक रेषेवर बोट फिरवणं स्वस्त पडतं.

एवढं पाहून पुढे जायचं ठरलं, आणि मालकाची हरकत नसेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल ओता. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल निम्मं-निम्मं मिसळूनही वापरतात. ते वापरण्याआधी खळखळून हलवावं लागतं आणि भुर्रकन पेटतं, हे लक्षात ठेवा. त्यानंतरचं औषध म्हणजे वाट पाहणं. दिवस नव्हे, आठवडे. मधूनमधून तेल वाढवा आणि एकाच दिशेनं जोर लावण्यापेक्षा थोडं पुढे, थोडं मागे असं हलवा. फ्लायव्हील अर्धा दाता जरी सरकलं तरी तिथेच थांबून पुन्हा तेल सोडा. पूर्ण फिरवण्याच्या हौसेपायी दुसरीच चूक होते: व्हॉल्व्ह अडकलेले असतात आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या सळया) वाकतात. म्हणून पिस्टन सुटले की वरचं कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्ह खालीवर होतोय याची खात्री करा.

बॅटरी नाही म्हणून निर्धास्त राहू नका

मॅग्नेटोवर चालणाऱ्या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. हँडलला झटका देताना 'टक्' असा आवाज आला तर तो इम्पल्स कपलिंगचा (सुरू करताना मॅग्नेटोला झटका देणाऱ्या स्प्रिंगच्या जोडणीचा), म्हणजे मॅग्नेटो जिवंत असू शकतो. आत थोडं इंधन राहिलं असेल तर इंजिन उलटा झटका मारतं आणि मनगट मोडतं. इंजिन फक्त फिरवून पाहायचं असेल तर प्लग काढूनच पाहा. सुरूच करायचं असेल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलभोवती गुंडाळू नका, आणि खालून वर ओढा. वरून खाली दाबू नका. इंजिन बंद करणारी मॅग्नेटोची अर्थिंगची तारही आधी तपासा. ती तुटलेली असेल तर सुरू झालेलं इंजिन बंद कसं करायचं हा प्रश्न धावपळीत सुटत नाही.

साखळी लावून ओढू नका

जाम इंजिन गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढलं की ते सुटतं, हा जुना समज. कधी सुटतंही. नाही सुटलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा गिअरचे दाते जातात, आणि जे तेलानं सुटलं असतं ते कायमचं जातं. नुसतं बाहेर काढायचं असलं तरी आधी चारही चाकं फिरतात का ते पाहा. टायरमध्ये वजनासाठी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरण्याची पद्धत होती. ते झिरपलं की रिम खातं. टायरच्या वॉल्व्हच्या आसपास रिमचा चाळणीसारखा चुरा झालेला असेल तर ते चाक ओझं घेणार नाही.

ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी खालच्या ड्रॉबारलाच (ओढण्यासाठी मागे असलेल्या दांड्याला) अडकवा. मागच्या अ‍ॅक्सलच्या वर अडकवली आणि मागचं ओझं हललं नाही, तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटतो. १९१७ चा फोर्डसन मॉडेल एफ यासाठीच बदनाम होता. रांगेतल्या एखाद्या फोर्डसनचे मडगार्ड मागच्या बाजूला जमिनीच्या दिशेनं अवाजवी लांब दिसले, तर ते शोभेसाठी नाहीत. उलटताना टेकावेत म्हणून आहेत.

चिकटलेला क्लच मात्र ओढाओढीविना सुटू शकतो. पॅडल पूर्ण दाबून लाकडी ठोकळ्यानं तसंच अडकवून ठेवा आणि काही दिवसांनी पुन्हा बघा. क्लच हौसिंगला तपासणीचं झाकण असेल तर ते उघडून प्लेट सुटली का ते डोळ्यांनीच दिसतं. परत निघताना ते झाकण, प्लग आणि रेडिएटरचं टोपण जागच्या जागी बसवा, आणि सायलेन्सरच्या तोंडावर एखादा डबा उपडा घाला.